सोडलेला हूक

"वहिनी, आज वर तुम्हालाच जावं लागेल," गोगलगाय फोनवर म्हणाला. "माझा गुडघा फुगलाय. जिना सोडा, संडासापर्यंत जायला बायकोचा खांदा लागतोय."

"दुसरं कुणी नाही?"

"दुसरं कोण आहे? साहेबांना पाठवता? ते स्टुलावर चढले तरी त्यांना गरगरतं."

"बघते," म्हणून मी फोन ठेवला. काय बघणार होते, डोंबल! वर जायचं शिक्षण मी घेतलं होतं, पट्टा बांधायची परीक्षा दिली होती, दरवर्षी इमानदारीत सही करत होते. पण हे गेल्यापासून आमच्या संस्थेच्या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर मी पाऊल ठेवलेलं नव्हतं. गोगलगायीला बरं नसलं तर काम पुढे ढकलायचं, असा एक न बोललेला ठराव होता. आज ढकलता येत नव्हतं. मॅडम दूरच्या संस्थेतून आल्या होत्या, त्यांच्याकडे एकाच नळीपुरता प्रयोगाचा माल उरला होता आणि उद्या सकाळी त्यांची गाडी होती.

गोगलगाय हे आम्ही ठेवलेलं नाव. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि विनोद सांगायला लागला तर तो संपेपर्यंत माणूस घरी जाऊन यावा. यांच्या हाताखाली तो वर कामाला होता. हे गेल्यावर वरचं सगळं त्याच्याकडे आलं.

"कोण जातंय वर?" आतल्या खोलीतून सासूबाई.

सासूबाईंचे कान म्हणजे एक अजबच प्रकरण. औषध घ्या म्हटलं की दहादा ओरडावं लागतं, आणि मी फोनवर कुजबुजले तरी शब्दन्‌शब्द पोचतो.

"कुणी नाही, आई."

"खोटं बोलू नकोस. तू जातेयस."

त्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असतात. खिडकीकडे कधीच नाही, कारण खिडकीतून मनोरा दिसतो.

"जा," त्या म्हणाल्या. "तोही असाच गेला. चहा अर्धा ठेवून."

संस्थेची घरं मनोऱ्याच्या मागच्या बाजूला आहेत. वरून प्रयोगाचा डबा सुटला आणि तळाच्या वाळूच्या हौदात येऊन आदळला की आमच्या तावदानांना हादरा बसतो. बाकीच्या घरांतली माणसं मानही वर करत नाहीत. आमच्या घरात सासूबाई प्रत्येक वेळी म्हणतात, "पडला." हळूच म्हणतात, स्वतःशीच. आणि तो डबा भरून पाठवणारी मी. सुट्टीच्या दिवशी तो आवाज घरात बसून ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो, कामावर असताना येत नाही. असं का, ते देव जाणे.

हे मनोऱ्याच्या पोकळीत पडून गेले. चौकशी झाली. पट्टा अंगावर होता, दोरी शाबूत होती, दोरीचा हूक मात्र उघडा. तुटलेला नाही, गंजलेला नाही, उघडलेला. हूक स्वतःच्या हाताने सोडला, असं त्यांनी लिहिलं आणि प्रकरण मिटवलं. का सोडला, ते कुणी लिहिलं नाही. मग ते लोकांनी आपापल्या मनानं भरून घेतलं. माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं, पण मी दुकानात शिरले की गप्पा थांबायच्या.

सासूबाईंना लोकांची गरजच पडली नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना हे म्हणाले होते, "वीट आलाय सगळ्याचा." त्यावर सासूबाई फटकन म्हणाल्या होत्या, "मग जा ना कुठं जायचंय तिकडं. रोजची तुझी रड ऐकायला मला वेळ नाही." आया असं बोलतात. माझी आई तर याच्या दुप्पट बोलायची. पण दुसऱ्या दिवशी हा माणूस गेला आणि ते वाक्य त्यांच्या घशात अडकून राहिलं. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती, मीही तेव्हा तिथेच जेवायला बसलेले होते.

आणि माझं म्हणाल तर मलाही तेच पोखरत होतं. वीट आलाय, त्या "सगळ्या"त मी होते का? रागावू तरी कुणावर? रडू तरी कसलं म्हणून? हा माणूस आम्हाला टाकून गेला, की काम उरकून आमच्याकडेच परत यायचा होता, एवढं एक कळलं असतं तर पुरे होतं. ते सांगणारं कुणी नव्हतं.

मी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा मॅडम हातात नळी धरून जांभळ्या दिव्यासमोर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, तोंडात सतत लवंग, दोन स्वेटर एकावर एक. यांचं आणि मनोऱ्याचं काय ते त्यांना माहीत नव्हतं. नवीन माणसाला कुणी सांगत नाही, आणि ते बरंच आहे.

"ताई, हे बघा. कालची."

नळी हिरवीगार पेटली होती. एकच हिरवा, कुठे मळ नाही. शेजारी दोन नळ्या ठेवल्या होत्या. एक इथल्या टेबलावर केलेली, तिच्यात हिरवा, पिवळा, तांबूस असा सगळा गोंधळ. दुसरी गरगर फिरवायच्या यंत्रात केलेली. त्यात वजन कित्येक पट होतं, आणि तिच्यात तर गोंधळाचाही गोंधळ.

मॅडम त्यांना अर्धवाहक नॅनोकण म्हणतात. आम्ही खालची माणसं पिल्लं म्हणतो. गरम द्रवात दुसरा द्रव टोचला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती जन्माला येतात, आणि इतकी बारीक की भिंगाखालीही दिसू नयेत. दिसतो तो त्यांचा उजेड. लहान पिल्लं हिरवी, मोठी लाल. जमिनीवर गरम द्रव वर चढतो, गार खाली बसतो, त्या ढवळाढवळीत एकाला जास्त खायला मिळतं, एक उपाशी राहतं. म्हणून लहानमोठी होतात. पण डबा मनोऱ्यातून पडत असतो तेव्हा, चार-पाच सेकंद म्हणा, आतल्या कशालाच वजन नसतं. वरही नाही, खालीही नाही. सगळ्यांना जागच्या जागी सारखं मिळतं, आणि सगळी एका मापाची होतात.

"पडताना त्यांना कळतच नाही पडतायत म्हणून," मॅडम म्हणाल्या. "किती शांतपणे वाढतात बघा."

"हो," मी म्हटलं.

पहिल्यांदा पडलेल्या नळीचा रंग पाहिला होता तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते. आता रडत नाही. पण त्या रंगाकडे मी फार वेळ बघत नाही.

शेवटची नळी मी भरली. आमच्या कामात वैरी एकच, बुडबुडा. जमिनीवर तो बिचारा वर जाऊन कडेला बसतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वजन गेलं की त्याला वर कुठं तेच समजत नाही. तो बरोब्बर मधोमध येतो, पिल्लं त्याला जाऊन चिकटतात आणि सगळं मुसळ केरात. म्हणून नळी भरली की उजेडासमोर धरायची, टिचकी मारत मारत बुडबुडा तोंडाशी आणायचा आणि सुईतून बाहेर घालवायचा. माझ्या टिचकीला प्रयोगशाळेत मान आहे. साहेबसुद्धा म्हणतात, नळी हिच्याकडेच द्या. ही टिचकी मला यांनीच शिकवली होती, लग्न नवीन असताना, घरी, औषधाच्या बाटलीवर.

नळी स्वच्छ होती. दोनदा बघितली, तिसऱ्यांदा मॅडमना दाखवली. पट्टा बांधला. साहेब लिफ्टपर्यंत सोडायला आले.

"जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"न जमायला काय झालं? नळी लावायची आणि बाजूला व्हायचं."

"तसं नव्हे हो," ते म्हणाले आणि त्यांनी लिफ्टचं दार लावलं.

लिफ्ट जुनी आहे, थांबताना गचका देते. वर गोल खोली, आणि मधोमध ते भोक. भोकाभोवती कठडा, हाताला गार लागणारा. मी ठरवूनच आले होते की आत डोकवायचं नाही. भिंतीच्या कडीला बांधलेल्या दोरीचा हूक पट्ट्याला पाठीमागे अडकवला, दोनदा ओढून पाहिला. कानात फोन लावला. गोगलगाय घरून एकेक गोष्ट सांगणार होता.

"हूक लावला?"

"लावला."

"ओढून बघितला?"

"बघितला रे बाबा."

"आता नळी डब्यात बसवा. सावकाश."

"तुझ्यापेक्षा सावकाश कुणाला जमणार?"

तो हसला. मीही हसले. खरं सांगते, मला वाटलं होतं तितकं भयंकर काही नव्हतं. यांचं काही तिथे उरलेलं नव्हतं. रंग नवीन, दिवे नवीन. मी नळी बसवली, छोटं दार लावलं, दांडा फिरवला, आणि डबा रुळावरून सरकत भोकाच्या मधोमध जाऊन टांगला गेला. शेवटचं काम म्हणजे जांभळा दिवा लावायचा आणि डब्याच्या काचेतून नळी पेटते का ते बघायचं. मी दिवा लावला.

नळीच्या गळ्याशी मोहरीएवढा बुडबुडा होता.

"अगं बाई," मी म्हटलं. "बुडबुडा आलाय."

खाली नव्हता, तो आला कुठून? मग डोक्यात उजेड पडला. रबराच्या बुचाखाली दडलेला असणार. लिफ्टच्या गचक्यानं सुटला. म्हणजे खाली मी कितीही टिचक्या मारल्या तरी काही बुडबुडे फक्त इथे, वर आल्यावरच दिसणार. इतकी वर्षं नळ्या भरतेय आणि मला हे ठाऊक नव्हतं!

त्याच्यानंतरचं मी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. डब्याचं छोटं दार माझ्याच बाजूला होतं. एक टिचकी. एकच टिचकी पुरली असती, बुडबुडा बुचाला जाऊन चिकटला असता. मी कठड्यावरून वाकले, हात लांबवला. दार उघडलं, पण नळीपर्यंत बोटं जाईनात. दोन बोटं कमी पडत होती. दोरीनं पाठीमागून धरून ठेवलं होतं. डाव्या हातानं मी कठडा घट्ट धरला आणि उजवा हात पाठीमागे गेला.

खट्.

तो आवाज मी ऐकला. हूक माझ्या हातात उघडा होता.

"वहिनी!" गोगलगाय कानात किंचाळला. जन्मात त्याला इतक्या जलद बोलताना मी ऐकलेलं नाही. "हात घालू नका! हूक लावा! आधी हूक लावा, वहिनी, तुम्हाला माझ्या पोरांची शपथ आहे!"

मी हूक लावला. ओढून पाहिला. मागे सरून भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसले. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी त्याला फक्त बुडबुडा आलाय एवढंच सांगितलं होतं. हात घालतेय, हूक सोडतेय, हे मी बोललेच नव्हते. मलाच ते माहीत नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

मग माझं मलाच उमगलं.

"तुम्ही काढायचात का रे हूक?"

"सगळेच काढायचो, वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा सावकाश झाला होता. "दोरी पुरत नाही. डबा परत आत ओढायचा म्हणजे अर्धा तास जातो, तोवर औषध शिळं होतं. मग खालची माणसं ओरडतात. म्हणून पटकन हूक काढायचा, टिचकी मारायची, परत लावायचा. दादा तर सगळ्यांत सफाईदार. कुणाला कळायचंही नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी खाली होतो, हौदाशी. फोनवर दादा होते."

"काय म्हणाले?"

"वहिनी..."

"काय म्हणाले, ते सांग."

"म्हणाले, बुडबुडा आलाय, थांब, काढतो."

मी डोळे मिटले. डबा भोकात टांगलेला, त्यात जांभळा दिवा चालू. फोनवर त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"आणि हे तू चौकशीत सांगितलं नाहीस."

"त्यांनी विचारलं, नियम मोडून काम करायचात का. मी नाही म्हटलं. सगळ्यांनीच नाही म्हटलं. नोकरी गेली असती, वहिनी. पोरं लहान होती."

"आमच्या घरात एक म्हातारी आहे. ती रोज मरते. दिसत होतं ना तुला? चहाला यायचास, तिच्या समोर बसायचास."

"दिसत होतं."

त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तोंडाला येईल ते बोलले. फोन भोकात भिरकावून द्यावासा वाटला. आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, छातीवरून कुणीतरी धोंडा उचलल्यागत झालं होतं. वीट आलेला माणूस बुडबुडा काढत बसत नाही. हे कामात होते. दोन बोटांचं अंतर होतं, बस्स. संध्याकाळी घरीच येणार होते.

भिंतीवरच्या फोनवरून मी साहेबांना म्हटलं, "डबा आत घेतेय. आज सोडायचा नाही."

खाली मी नळी घेऊन आले तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. अर्धा तास उलटून गेला होता, द्रव गढूळ झाला होता.

"ताई, माझी शेवटची होती ही. एवढासा तर बुडबुडा. जरा हात घालून टिचकी मारली असती तर? हात पुरला नसता का?"

त्यांनी चिडून विचारलं नव्हतं, खरोखर विचारलं होतं.

"एकाचा पुरला नव्हता," मी म्हटलं.

साहेबांनी मान खाली घातली. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, टेबलावर ठेवली आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली. नंतर त्या काही विचारत बसल्या नाहीत. उपकारच झाले.

घरी आले तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"आज आवाज आला नाही," त्या म्हणाल्या. "सारखी वाट बघत होते. आवाज आला नाही, मग म्हटलं, ही पण गेली की काय."

"डबा सोडलाच नाही आज." मी त्यांच्या कॉटवर बसले. एरवी मी तिथे बसत नाही. "आई, इकडे बघा. मला काहीतरी सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. बुडबुडा, लिफ्टचा गचका, दोरी न पुरणं, सगळे हूक काढायचे ते. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "कोण म्हणालं?"

"गोगलगाय."

"इतकी वर्षं गप्प होता?"

"हो."

"मेल्याचा दुसराही गुडघा फुगो," त्या म्हणाल्या. हाताची बोटं पांघरुणाचा काठ चाचपत राहिली.

"एवढ्याशा बुडबुड्यापायी?"

"हो."

"शेवटी काय बोलला म्हणालीस?"

"थांब, काढतो."

"थांब, काढतो," त्या म्हणाल्या. अगदी यांच्यासारखं म्हणाल्या, तोच हेल. मी इतक्या वर्षांत तो विसरले होते.

"म्हणजे माझ्यावर रागावून नाही."

"नाही, आई. कुणावरच नाही. कामात होते."

त्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्या मनापर्यंत पोचलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. माणसाला इतकी वर्षं जे खरं वाटलं ते एका संध्याकाळी कसं सुटणार? त्या विचार करत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "एका हातानं टिचकी मारत होता. दुसरा हात कुठं होता?"

"कठड्यावर. दुसऱ्या हातानं कठडा धरल्याशिवाय तिथे वाकताच येत नाही. मीसुद्धा धरला होता."

"घट्ट?"

मी डावा हात त्यांच्यासमोर उघडला. तळव्यावर लोखंडाच्या कडेचा वळ उठला होता, लालभडक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मलाही तो आत्ताच दिसत होता.

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. अंगठ्यानं तो वळ चाचपला, इकडून तिकडे, परत तिकडून इकडे.

"धरलं होतं त्यानं," त्या म्हणाल्या. "धरलं होतं माझ्या बाळानं."

आणि त्या रडायला लागल्या. हे गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, लोकांनी नावं ठेवली तरी रडल्या नव्हत्या. आता तोंड उघडं टाकून, लहान मुलासारख्या रडत होत्या. मी त्यांना गप्प केलं नाही. रडता रडताच त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या. अंधार पडत आला होता, दिवा लावायचा होता, स्वयंपाक व्हायचा होता. मी उठले नाही.